तुसातली तबकडी

सगुणाबाई चिडली की आधी पदर कमरेला खोचायची आणि मगच तोंड उघडायची. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्याशी तिची वाडी. पाणवठ्यावरच्या बायका लांबूनच बघायच्या, पदर कुठं आहे. खोचलेला दिसला की घागर अर्धी भरून माघारी.

माहेर कामथडीचं. सपाट रानातली पोर डोंगरात दिली, आणि दिली ती सोनबाला. सोनबा शेतकरी होता, पण लिहिणारा. लिहिणारा म्हणजे काय, हे वाडीला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. त्याची आई साळूबाई आल्यागेल्याला सांगायची, "थोरल्याला लिवायचा नाद हाय," दुसऱ्या कुणाच्या पोराला पत्त्यांचा असावा तसं. त्याच्या गोष्टी पुण्याच्या मासिकात छापून यायच्या. एक पुस्तकही निघालं. शहरातली माणसं ते वाचून म्हणे डोळे पुसायची.

आता नांगरटीत मधेच नांगर सोडून माणूस बांधावर लिहीत बसला, तर नांगर कुणी धरायचा? सगुणाबाईनं. धाकटा दीर हैबती वाटेनं जाता जाता तेवढं बघायचा.

"वैनी, बाईमाणसानं नांगर धरू न्हाई. पाऊस रुसतो."

"मग तुमी धरा, भावजी."

"मला वेल्ह्याला जायाचंय."

"जावा की. जाता जाता पावसाला सांगा, रुसायचं तर लिवनाऱ्यावर रूस म्हनावं."

सोनबा बांधावरून हसायचा आणि ते वाक्य लिहून घ्यायचा. हे तिला माहीत होतं. आपलं बोलणं कागदावर जातं, एवढंच माहीत होतं. पुढं त्याचं काय होतं, ते कळायला मार्ग नव्हता. पुस्तक हातात घेतलं तर ते मुकं. तिनं कधी वाचून दाखवा म्हटलं नाही, आणि त्यानं कधी दाखवलं नाही.

अडतीस साली पुण्याहून एक प्रोफेसर भोरला आले. बोलणं तबकडीवर कोरणारं मशीन त्यांच्याबरोबर होतं. गावोगावच्या लिहिणाऱ्यांचे आवाज कोरून जपून ठेवायचं त्यांच्या संस्थेनं काढलं होतं. सोनबाला निरोप आला. सगुणाबाई त्याच्या बैलगाडीत बाजाराला म्हणून बसली.

एका शाळेच्या दालनात मशीन मांडलं होतं. आत सोनबा, बाहेर ओट्यावर बघे, आणि बघ्यांच्या कडेला सगुणाबाई. पहिल्या तबकडीवर सोनबानं गोष्ट वाचली, "वरईची पेज". नवऱ्यामागं डोंगरउतारावर एकटीनं वरई पिकवणाऱ्या बाईची गोष्ट. प्रोफेसरांनी ती लगेच वाजवून दाखवली. सगुणाबाईनं ऐकलं आणि तिचा हात तोंडावर गेला. ती बाई तीच होती. भाजलेल्या राबाची राख, चिखलात रुतलेली टाच, खालच्या शेतातल्या माकडांना घातलेल्या शिव्या, सगळं तिचं. पण वाचणारा कोण होता? आवाज सोनबाचा, पण इस्त्री केलेला. प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला. "पाणी" म्हणत होता, "आणि" म्हणत होता. घरी "पानी दे गं" म्हणणारा माणूस!

मग दुसरी तबकडी. तिच्यावर प्रोफेसर विचारणार आणि सोनबा सांगणार.

"आपण जे लिहिता, ते घरी कुणाला वाचून दाखवता का?"

सोनबा सैलावला होता. हसला. "घरी? घरी कोन हाय वाचून दाखवाया? मंडळी अडानी. तिला काय कळतंय त्यातलं? तिचं आपलं शेन आन भाकरी." मग खोकला. मग म्हणाला, "सायेब, बिडी वडली तर चालंल का? का बिडीबी कोरली जाती ह्येच्यात?"

ओटा खदाखदा हसला. तबकडी वाजवून दाखवली, तेव्हा पुन्हा हसला. बाजारपेठेतल्या गेनू शिंप्याच्या दुकानात ग्रामोफोन होता, प्रोफेसर गेल्यावर तिथंही ती लागली आणि बाजारभर हसणं पसरलं. "काय सगुनाबाई, शेन काढलं का?" भाजीवालीसुद्धा विचारायला लागली.

परतीच्या वाटेवर ती गाडीत त्याच्याकडं पाठ करून बसली. सोनबाच बोलला.

"अगं, थट्टेत बोललो."

"कोरून?"

"ते मशीनच तसं हाय, त्याला म्या काय करू?"

"मशीन तुमच्या तोंडात घुसून बोललं व्हय?"

अशी तबकडी एकदाच कोरतात, तिची दुसरी प्रत नसते. तरीही प्रोफेसरांनी दोन्ही सोनबाकडेच ठेवल्या. म्हणाले, "संस्थेला अजून जागा नाही. जागा झाली की घेऊन जातो. जपा, मोठी ठेव आहे." म्हणजे गोळा करणार संस्था, मिरवणार संस्था, आणि जपणार कोण? वेल्ह्याच्या पावसात, जिथं चार महिने भिंतीला बुरशी आणि मीठ ओलं, तिथं जपणार सगुणाबाई! सोनबा तर तबकड्या खुंटीला पिशवीत अडकवून मोकळा झाला. आठवड्यात त्यांच्यावर पांढरी लव चढली. बघितलं तिनंच. पुसल्या तिनंच. आपल्या जुनेराच्या तुकड्यांत गुंडाळून, भाताच्या तुसानं भरलेल्या कणगीत आडव्या ठेवल्या. पुसताना शिव्या देत होती, पण हात हलका होता.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात सोनबा तापानं गेला. भांडण अर्ध्यात टाकून गेला, असं ती म्हणायची.

दहाव्याला सगळी भावकी कानंदी नदीच्या काठावर जमली. लेक लग्न होऊन पानशेतकडं दिलेली, मुलगा नाही, म्हणून पिंड हैबतीनं ठेवला. समोरच्या जांभळीवर कावळेच कावळे. सगळे बघत बसलेले, शिवायला एक येईना.

"दादा, आईला म्या बगतो!" हैबती ओरडला.

कावळे ढिम्म.

"बैल इकत न्हाई, दादा!"

काही नाही.

"बिडी ठिवा रं, बिडी! बिडीत जीव व्हता त्येचा."

बिडी ठेवली. पेटवूनही बघितली. ऊन चढलं, भटजींनी डोक्यावर उपरणं घेतलं.

"पुस्तक ठिवा त्येचं."

पुस्तक ठेवलं. एक कावळा खाली आला, मान वाकडी करून पुस्तकाकडं बघितलं, आणि उडून गेला.

"ह्योबी अडानीच दिसतोय," सगुणाबाई म्हणाली.

बायकांनी तोंडात पदर कोंबले. साळूबाईनं डोळे वटारले. आणि तेवढ्यात धोंडाबाई, चुलतसासू, पुढं सरकली.

"म्या सांगू? त्येचा आवाज त्या काळ्या ताटल्यांत कोंडलाय. आवाज हितं कनगीत, मग जीव तिकडं कसा जाईल? मानूस अर्धा हितंच हाय. फोडा त्या ताटल्या."

गर्दीत कुजबूज फिरली, आणि बघता बघता सगळ्यांना ते आधीपासूनच माहीत असल्यासारखं झालं. व्हय, व्हय, तसंच. मेल्या माणसाचा आवाज घरात ठेवतात का कुणी? म्हणून तर.

सगुणाबाईनं पदर खोचला.

"आवाज कोंडला म्हनं! जिता व्हता तवा त्येचा आवाज ऐकला का कुनी तुमच्यातल्या? गोष्ट सांगाया बसला की उठून जायाचात. भावजी, तुमी तर घोरायचा. आता कावळ्याच्या तोंडानं ऐकू आलं व्हय तुमास्नी?"

"वैनी, दादाचा जीव लटकलाय!"

"लटकू द्या. मला लटकवून गेलाय, त्येचं काय?"

"सगुने!" साळूबाई पहिल्यांदाच बोलली. म्हातारी वाळूत बसली होती, आवाज चिरकला होता. "माज्या लेकाला वाट दे गं. एक तर एक फोड. एकानं भागंल."

म्हातारीपुढं सगुणाबाईचं काही चाललं नाही. आणि ती नाही म्हणाली असती, तर हैबती स्वतः जाऊन कणगी उलटी करणार होता. त्याची नजर वाडीच्या वाटेकडं लागलेलीच होती. ती म्हणाली, "कुनी हालायचं न्हाई. म्या आनते."

दोन्ही तबकड्या छातीशी धरून ती खाली आली. तूस अजून लुगड्याला चिकटलेलं. भोरच्या बाजारातलं ते हसणं सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं कुणाच्या मनात शंकाच नव्हती. धोंडाबाई तर गोड आवाजात म्हणाली, "फोड गं माय, ती शेन-भाकरीची फोड. तुजंबी मन निवंल, त्येलाबी वाट मिळंल. एका दगडात दोन कामं."

सगुणाबाईनं एक तबकडी मागं, वाळूत ठेवली. दुसरी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि धुणं धुवायच्या खडकावर आपटली.

फुटली ती "वरईची पेज".

"अगं!" साळूबाई उठायला गेली आणि तशीच बसली. "अगं, ती चांगली व्हती! त्यात तुजं कौतुक व्हतं!"

"ती छापलीया, आत्याबाई. पुस्तकात हाय. कुनीबी वाचंल, कवाबी वाचंल. कौतुक कागदावर निजलंय सुखानं." ती धापा टाकत होती. "आन त्या ताटलीत तुमचा लेक न्हवताच. कुनीतरी शिकल्यालं गिऱ्हाईक व्हतं. ह्या दुसरीत त्यो हाय. खोकतो ह्यात. बिडी मागतो ह्यात. मला अडानी म्हनतो. माजं भांडान मिटलं न्हाई अजून. भांडायला मानूस लागतं का न्हाई?"

सगळ्यांनी जांभळीकडं बघितलं.

कावळे बसलेलेच. एकानं चोच फांदीला घासली. बस्स.

ऊन कलायला लागलं तेव्हा भटजी उठले, दर्भ घेतला, दोन वेढे दिले, गाठ मारली, कावळा केला आणि तो पिंडाला लावला. "झालं," म्हणाले. "सुटला."

सगुणाबाई त्या गवताच्या कावळ्याकडं बघतच राहिली.

"ह्ये करता येत व्हतं?"

"येतं की."

"मग आदी का न्हाई केलं?"

"आधी खऱ्या कावळ्याची वाट बघायची असते, बाई. तशी रीत आहे."

"ताटलीबी खरीच व्हती माजी," ती म्हणाली. पण तोवर लोक अंघोळीला उतरले होते. खडकावरचे काळे तुकडे तिनं एकटीनं गोळा केले आणि नदीत सोडले.

त्यानंतर वाडीत जे काही वाईट झालं, ते त्या उरलेल्या तबकडीनं केलं. हैबतीची गाय कड्यावरून घसरली, तबकडी. कोंबड्यांना मर आली, तबकडी. नाचणीला कीड, तबकडी. कीड काय दरवर्षी पडत नव्हती? पण माणसाला दोष ठेवायला जागा लागते, आणि विधवेची कणगी म्हणजे सगळ्यात सोयीची जागा. पितृपक्षात हैबती दारात यायचा.

"वैनी, औंदा तरी."

"औंदाबी न्हाई."

"दादाचा जीव..."

"तुमी गवताचा कावळा शिववलाय ना त्येला? मग सुटलाय त्यो. का गवतावर तुमचाच इस्वास न्हाई?"

हैबती कणगीकडं बघत उभा राहायचा आणि ती कणगीच्या तोंडावर बसून तांदूळ निवडायची. ती शेतावर गेली की साळूबाई तिथं बसायची. म्हातारीनं एक फोड म्हणून सांगितलं होतं आणि ती पस्तावली होती, हे ती कधी बोलली नाही, फक्त बसायची.

पावसाळा संपला की सगुणाबाई तबकडी जुनेरात बांधायची आणि भोरच्या बाजाराला जाणारी गाडी गाठायची. थेट गेनू शिंप्याच्या दुकानात. लढाईच्या दिवसांत ग्रामोफोनच्या सुया मिळेनात, तर गेनू बाभळीचा काटा तासून लावायचा. काट्यानं आवाज मऊ यायचा, लांबून आल्यासारखा. गेनू चावी भरायचा आणि कात्री घेऊन कडेला बसायचा, कारण पुढं काय होणार, हे त्याला पाठ होतं.

"आपण जे लिहिता, ते घरी कुणाला वाचून दाखवता का?" तबकडी विचारायची.

"इचारलं का कदी?" सगुणाबाई सुरू व्हायची.

"घरी? घरी कोन हाय वाचून दाखवाया?"

"म्या हाय! सासू हाय! म्हस हाय! म्हस तरी उठून गेली नसती, बांदल्याली व्हती!"

"मंडळी अडानी. तिला काय कळतंय त्यातलं?"

"मग माजी वाक्यं कशाला उचलली वो? आँ? पाऊस रुसायचं तर लिवनाऱ्यावर रूस म्हनावं, ह्ये कुनाचं? तुमच्या बापाचं?"

"तिचं आपलं शेन आन भाकरी."

"भाकरी खाऊनच खोकताय न्हवं? खोका!"

आणि तबकडी खोकायची. दरवेळी तिथंच, तिच्या हुकमावर. दुकानाबाहेर थांबलेली माणसं हसायची, पण आता ती सोनबाला हसायची. "पुन्ना लावू का, मावशी?" गेनू विचारायचा. ती म्हणायची, "नगं. झिजंल." तेवढ्याचसाठी ती डोंगरातून खाली यायची आणि तेवढंच करून परत जायची.

सेहेचाळीस साली थंडीत प्रोफेसर वाडीत आले. केस पिकलेले, बूट धुळीनं भरलेले. संस्थेला जागा झाली होती. कपाटं आली होती. दारात उभे राहून त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "सोनबांच्या तबकड्या न्यायला आलोय."

"एक हाय."

"एक? दुसरी?"

"फोडली."

"कुणी?"

"म्या."

त्यांनी कपाळावर हात मारला. "कुठली फोडली? वाचनाची? अहो बाई, काय केलंत हे! त्यांच्या आवाजातलं त्यांचं साहित्य होतं ते! शंभर वर्षांनी लोकांनी ऐकलं असतं!"

"ऐकलं असतं की. तवा न्यायचीत. फुटस्तवर चार वर्सं माज्या तुसात ठिवलीत ती कशाला? तुमच्याकडं जागा न्हाई म्हून. माज्या घरात जागा हाय का, ह्ये इचारलंत? बुरशी कोन पुसतं, इचारलंत? इचारायचा धंदाच तुमचा, आन नेमकं तेवढंच इचारलं न्हाई!"

प्रोफेसर चांगले होते, सगळं ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "झालं ते झालं. उरलेली तरी द्या. आता ती एकट्या तुमच्या घराची नाही, मराठी भाषेचं धन आहे."

"मग भाषेला म्हनावं, ये आन कनगीत हात घाल."

"बाई, तुमच्यामागं हिचं काय होईल?"

हे मात्र खरं होतं. आपल्यामागं हैबती पहिल्याच दिवशी कणगी उलटी करणार, हे सगुणाबाईलाही ठाऊक होतं. साळूबाई कणगीच्या तोंडावर बसलेली, ती हळूच बाजूला सरकली. सगुणाबाईनं तुसात कोपरापर्यंत हात घातला, जुनेर काढलं, तबकडी उघडली, पदरानं पुसली. प्रोफेसरांनी दोन्ही हात पुढं केले.

"देते," ती म्हणाली. "पर मशीन आना."

"मशीन?"

"ह्येच्यात त्यो मला अडानी म्हनलाय. शंभर वर्सांनी लोक ऐकतील म्हनता. ऐकतील आन हसतील, भोरच्या बाजारावानी. मंग माजं बोलनं कुठं? त्येच्या ताटलीला माजी ताटली. दोनी एका पिशवीत ठिवा. मग न्या खुशाल."

प्रोफेसर कसनुसं हसले. "अहो, संस्था लेखकांचं जतन करते. प्रत्येकाच्या घरच्यांचं बोलणं कोरायला लागलो, तर..."

"तर काय?"

"तर त्याला अंत नाही."

"लेखकाला अंत हाय, आन घरच्यांना न्हाई! बरं हाय की."

"तुम्ही सांगा, मी एका कागदावर टिपून घेतो आणि तबकडीबरोबर ठेवतो. चालेल?"

"कागदावर म्या बोललेलं लई येळा टिपून झालंय, सायेब. टिपनाऱ्याचं नाव झालं. मला माज्या आवाजात पायजे."

त्यांनी हात मागं घेतले. पुन्हा दोन-तीन वेळा सांगून बघितलं, साळूबाईला सांगून बघितलं. म्हातारी म्हणाली, "माज्याकडं नगा बगू. माजं म्या एकदा सांगून बसलेय." शेवटी ते निघाले. मशीनचं बघतो म्हणाले. कसं म्हणाले, ते सगुणाबाईनं ऐकलं आणि मशीन काही यायचं नाही, हे तिला कळलं.

ते अंगणात उतरले तशी ती तबकडी हातात घेऊन उंबऱ्यात आली. पदर खोचलेलाच होता.

"ऐका मग बिनमशीनचं! म्या सगुना, कामथडीची. नांगर धरलाय म्या. पाऊस रुसला न्हाई! त्येच्या त्या वरईच्या गोष्टीत बाईच्या हातात नांगर न्हाई, का तर लाज वाटली त्येला! ह्ये लिवलं न्हाई त्यानं, ह्ये म्या सांगती!"

शेजारच्या दारांतून बायका बाहेर आल्या. धोंडाबाईसुद्धा. हैबती गोठ्यातून डोकावला. प्रोफेसर वाटेला लागले होते, मधेच एकदा थांबले, वळले, खिशातल्या वहीकडं हात गेला, आणि तसेच पुढं निघाले.

"ताप आला तवा चार कोस चालून म्या औशिद आनलं! त्यानं इचारलं, 'आज काय नवीन बोललीस?' मरताना सुदिक! म्या म्हनलं, आता फुकट न्हाई बोलनार! आन बोलले न्हाई! ते माजं बोलनं ऱ्हायलंय, सायेब!"

प्रोफेसर ओढा उतरून दिसेनासे झाले. तिचा आवाज खाली येईना.

"सगुने," साळूबाई आतून म्हणाली, "बस कर आता. गेला त्यो."

"जाऊ द्या, आत्याबाई. माजं झालं न्हाई."